हातातल्या चपला

आमच्या पंचायतीची जीप नावाला आजाऱ्यांची, एरवी सभापती रंगरावांची. तिला नवे टायर घ्यायचे ठरले, तर रंगरावांनी गुळगुळीत टायर पसंत केले. खोल खाचांचे टायर सडकेवर घरघरतात आणि साहेबांची डुलकी मोडते, दुसरं काय. पण धनगरवाड्याची शेवटची चढण म्हणजे नुसता लाल चिखल, आणि वर गोदाक्काची सून दिवस भरलेली.

गोदाक्कानं हरकत घेतली, तशी रंगराव तिची समजूत घालायला स्वतः वाड्यावर आले. "अक्का, सगळी वाट डांबरी. एवढ्याशा चिखलासाठी वेगळे टायर कशाला?"

गोदाक्का म्हणाली, "तुमच्या पायातल्या चपला कुठायत, साहेब?"

चपला रंगरावांच्या हातात होत्या. जीप खाली ठेवून, चिखलात घसरायला लागल्यावर काढलेल्या.

"तुम्ही चपला हातात घेऊन वर आलात. जीपनं टायर कुठल्या हातात घ्यायचे?"

रंगराव चपला हातातच धरून खाली उतरले. मग सडकेवर आणि चिखलातही चालतील असे मध्यम खाचांचे टायर आले. थोडे घरघरतात खरे. गोदाक्काचा नातू दवाखान्यातून घरी येताना त्या घरघरीत गाढ झोपला होता. हल्ली रंगरावांनाही त्या घरघरीशिवाय डुलकी लागत नाही म्हणतात.