दोर धरणारे हात

फार मागे, डोंगर अजून दाट झाडीने झाकलेले होते, तेव्हाची ही गोष्ट. कड्याजवळच्या एका वाडीत मध काढण्याची एक रीत होती. कड्यावरून खाली उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा. बहिणीच्या कपाळाचं कुंकू ज्याच्या हातात आहे, तो हात सैल सोडणार नाही, असा लोकांचा विश्वास.

मध काढायच्या आदल्या दिवशी वाडीत लग्न होतं. दोर धरणारा मेहुणा सकाळपासून मांडवात राबत होता. पोटात अन्नाचा कण नव्हता. दुपारी मोहाची दारू फिरली आणि तो घटाघटा प्यायला.

सकाळी उठला तेव्हा पोटात ढवळत होतं. जीभ कोरडी, डोकं ठणकत होतं. चुलीच्या धुरानेही उमासे येत होते. दोर धरत नाही म्हटलं, तर वाडी काय म्हणेल?

शेजारी हसून म्हणाला, "अरे, कालच्या दारूचेच दोन घोट घे. पोट जागेवर येतं."

त्याने घेतले. जरा बरं वाटलं, म्हणून तो कड्यावर गेला.

कड्याखाली उतरणारे दाजी, म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, यांनी कमरेला दोर बांधला. दोराचा एक वेढा झाडाला होता, बाकी सगळा भार मेहुण्याच्या हातांवर.

"काय पाव्हणं, तोंड का उतरलंय? कालच्या मांडवात तुमची नवरी हुकली काय?" दाजी म्हणाले.

तो हसायला गेला आणि मळमळून तोंडात पाणी सुटलं. दाजींचा एक पाय कड्याखाली गेला होता. पलीकडे बहीण मधाचं मडकं घेऊन उभी होती. त्याला घाम फुटला. आता ओकारी आली, तर हात आपोआप तोंडाकडे जातील. मग दोर?

"दाजी, पाय मागे घ्या," तो कसाबसा म्हणाला. "काल प्यालो, आज सकाळी पुन्हा प्यालो. माझ्या हातांचा भरवसा नाही."

दाजी मागे सरले, तोच तो वाकला आणि भडाभडा ओकला. दोन्ही हात पोटावर होते. दोर खडकावर नुसता पडला होता. दाजी त्या दोराकडे बघत राहिले.

बहीण धावत आली. "उपाशी पोटी ओतलीस, पोट आतून सोलवटलं. अंगातलं पाणी गेलं, म्हणून डोकं ठणकतं. आणि वर सकाळी परत तेच?"

"बरं वाटलं होतं गं, आक्का."

"बरं नव्हतं वाटलं. पोट गुंगलं होतं."

तिने त्याला सावलीत कुशीवर निजवलं. एकेक घोट पाणी पाजलं. ते पोटात टिकल्यावर मीठ घातलेली पातळ पेज दिली. म्हणाली, "याला दुसरी जादू नाही. वेळच लागतो. ओकारीत रक्त दिसलं, नाहीतर हाक मारून माणूस जागा झाला नाही, तर मात्र तडक वैदूकडे न्यायचं."

दिवस कलला तेव्हा तो उठून बसला. पण दुसऱ्या दिवसापासून कड्यावर असा वारा सुटला, की त्या वर्षी वाडीला मध मिळालाच नाही. लोक त्याला बरेच महिने टोमणे मारत राहिले. त्याने ते मान खाली घालून ऐकले.

पुढच्या वर्षी वाडीतल्या काहींनी रीत मोडून दुसरा माणूस सुचवला. दाजी म्हणाले, "गेल्या वर्षी हा गप्प बसला असता, तर मी आज बोलायला नसतो." आणि त्यांनी दोर त्याच्याच हातात दिला.

लहानथोरांनी एवढं मनाशी धरावं: ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे, त्याने आपली कमजोरी लपवू नये.