दचकणारं यंत्र

माणसं यंत्रं घेऊन समुद्राच्या तळाशी नुकतीच उतरू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका पाणबुड्याकडे धातू शोधणारं यंत्र होतं. वाळूखाली धातू आला की ते दचकून ओरडायचं. पाणबुड्या एक बुडालेलं जुनं जहाज शोधत होता. आज ते सापडलं नाही, तर शोध थांबणार होता आणि यंत्र भंगारात जाणार होतं.

यंत्र ओरडलं. पाणबुड्यानं वाळू उकरली, तर तांब्याचा खिळा निघाला. जरा पुढे पुन्हा एक खिळा.

पाणबुड्याच्या कमरेची सुरी हसली. "अरे, खिळ्यालाही दचकतंस? तुला जहाज शोधायला आणलंय, खिळे वेचायला नाही."

यंत्र ओशाळलं. मोठं काही आल्याशिवाय आता तोंड उघडायचं नाही, असं त्यानं ठरवलं. पुढेही खिळे येतच राहिले. दर खिळ्याला ते आतल्या आत दचकायचं, पण आवाज गिळून टाकायचं.

अखेर पाणबुड्या वर निघाला. तेवढ्यात वाळूतल्या म्हाताऱ्या खेकड्यानं यंत्राला हाक मारली. "निघालात होय? मग जहाज?"

"कुठाय जहाज?"

"त्याच्यावरूनच तर गेलात की, या टोकापासून त्या टोकापर्यंत! लाकूड किड्यांनी कधीच खाल्लं. खिळे तेवढे राहिलेत, ठोकले होते तसेच, रांगेनं."

यंत्र जिवाच्या आकांतानं ओरडलं. पाणबुड्यानं खाली पाहिलं. तळ आता लांब राहिला होता, आणि जवळ धातू म्हणजे कमरेची सुरी तेवढी होती. हे सुरीलाच दचकलं, असं त्याला वाटलं. त्यानं यंत्र बंद केलं.