अध्यक्षांचा चहा

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष तोरस्कर नियमांचे भारी पक्के. सभेला कोरम भरला नाही, की अर्ध्या तासाने येतील तेवढ्यांत ठराव मंजूर, हा त्यांचा लाडका नियम. तेवढ्या वेळात ते घरी चहा घेऊन येत.

यंदाचा ठराव होता, बदामाखालचा बाक काढून तिथे त्यांची दुसरी गाडी लावायची. पाचच्या सभेला कोणीच फिरकलं नाही. तोरस्कर खुशीत चहाला गेले, ते पावणेसहाला परतले. बाकावर सात बायका बसल्या होत्या. कुमुदताईंनी सभेची वही पुढे केली.

"बाक राहणार. एकमताने मंजूर."

"अध्यक्षाशिवाय सभा घेतलीत?"

"साडेपाचला होते तेवढ्यांत घेतली, तुमच्याच नियमाने. तुमची वाट पाहिली असती हो, पण तुम्ही तरी आजवर कुणाची पाहिलीत?"