उपाशी चूल

कच्छच्या किनाऱ्याकडे, जिथे वाळू संपून मिठाची पांढरी जमीन सुरू होते, तिथे काळ्या दगडाच्या दोन टेकड्या उभ्या आहेत. तिसरी आडवी पडली आहे. तिचे लांबट, पैलूदार दगड सरपणाची मोळी सुटावी तसे विखुरले आहेत. या जागेला उपाशी चूल म्हणतात. वाट दाखवणारे हमीरबापा पाहुण्यांना अलीकडेच थांबवतात आणि बजावतात, “मोठ्यानं म्हणा, जेवून आलो.” हसणाऱ्यांवर ते डोळे वटारतात.

असे सांगतात, की फार पूर्वी उंट पाळणाऱ्या रबारींचा तांडा इथून जात असे. मुक्काम हलवताना चुलीचा एक दगड पाडायचाच, अशी त्यांची रीत. उभी चूल म्हणजे आवतण, आणि ते ऐकून कोण येईल याचा नेम नाही. तांड्यातल्या सेजूला हे चांगले ठाऊक होते. पण तिचा नवरा वंका चुकलेली सांडणी शोधायला मागे राहिला होता आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. उपाशीपोटी येईल बिचारा, म्हणून तिने चूल तशीच ठेवली, निखाऱ्याशेजारी भाकरी झाकली आणि तांड्यामागे निघाली.

वंका दुसऱ्याच वाटेने पुढच्या मुक्कामी पोचला.

“भाकरी खाल्लीत ना?” तिने विचारले.

“कुठली भाकरी? मी तिकडं फिरकलोच नाही.”

सेजूच्या तळपायांना जमिनीचा चटका बसला. मागल्या मुक्कामी चुलीचे तिन्ही दगड डोंगराएवढे वाढले होते, म्हणे. त्यांच्यामध्ये तांबडा रस रटरटत होता आणि तिथून निघालेली भेग तांड्याकडे सरकत होती. जेवायला बोलावलेल्या माणसासारखी, बिनघाईने.

वंकाने तिचा हात धरला. तिने तो सोडवला. “चूल माझी आहे, मलाच मोडायला हवी.”

ती गेली. एक टेकडी कोसळली, भेग थांबली, रस काळा पडला. सेजू परत आली नाही.

त्या संध्याकाळपासून ढिगाऱ्यातून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. लोक घाबरले आणि ‘जेवून आलो’ असे ओरडत लांबून जाऊ लागले. वंकाच्या तोंडून ते शब्द कधी निघाले नाहीत. म्हातारपणी एकदा तो ढिगाऱ्यापाशी गेला आणि म्हणाला, “सेजू, भूक लागली गं.” थापणे तेवढ्या संध्याकाळपुरते थांबले. लोकांना त्याची काठी तेवढी सापडली.

आजही तिथली जमीन थंडीत कोमट लागते आणि दिवस कलला की थापण्याचा आवाज येतो. तोवर पाहुण्यांचे हसू विरलेले असते. सकाळपासून पोटात काही नसले तरी सगळे निमूटपणे म्हणतात, “जेवून आलो.” बायको गेल्यापासून हमीरबापा मात्र ते स्वतः म्हणत नाहीत.