गुडघ्याएवढा चेंडू

मुलांनो, सावरीच्या झाडांनी भरलेलं एक रान होतं आणि त्या रानात एक म्हातारं अस्वल आपल्या नातीसोबत राहायचं. सगळं रान त्याला आजोबा म्हणायचं, म्हणून आपणही आजोबाच म्हणू. आजोबांच्या अंगावरचे केस विरळ झाले होते आणि पायांत पूर्वीचा जोर उरला नव्हता. पण उन्हाळ्यात ओढा आटून वाळू मोकळी झाली, की त्यांची पावलं आपोआप तिकडे वळायची. त्या वाळूत रानातली पिलं फुटबॉल खेळायची, आणि लहानपणी आजोबाही तिथेच खेळले होते.

"काय दिवस होते ते!" आजोबा नातीला सांगायचे. "सावरीची बोंडं फुटली की माझी आई कापूस वेचून आणायची. त्या वेळची सुगरण पक्षीण तो कापूस भरून वेलींचा चेंडू विणायची. केवढा थोरला चेंडू होता माझा! शेजारी उभा राहिलो की थेट गुडघ्याला लागायचा. तसला चेंडू मी एका फटक्यात पार पल्याडच्या जांभळापर्यंत उडवला होता!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून यायचे. नातीला ही गोष्ट पाठ होती, तरी ती दरवेळी विचारायची, "मलाही उडवता येईल?" आणि आजोबा म्हणायचे, "न यायला काय झालं? नात कोणाची आहेस!"

त्या उन्हाळ्यात नात पहिल्यांदाच पिलांच्या सामन्यात खेळणार होती. डोळ्यांना दिसतंय तोवर तिला त्या वाळूत धावताना बघायचं, एवढी एकच हौस आजोबांची उरली होती. ते लगबगीने सुगरणीकडे गेले.

"एक चेंडू विणून दे. अगदी माझा होता तसा."

"केवढा हवा?" सुगरणीने विचारलं.

आजोबा ताठ उभे राहिले आणि त्यांनी आपल्या गुडघ्याला हात लावला. "इथवर."

सुगरण फांदीवरून खाली वाकली. "पण खेळणार कोण, तुम्ही की नात? तिला एकदा घेऊन या ना. मी माप घेते."

"माप कशाला? माझा चेंडू मी विसरलोय की काय?" आजोबा फणकारले. "इथवर म्हणजे इथवर!"

सुगरण बिचारी विणायला लागली.

चेंडू तयार झाला. चांगला घट्ट विणलेला, गोल गरगरीत. पण नातीच्या थेट पोटाला लागणारा. तिने धावत येऊन लाथ मारली. चेंडू वीतभर हलला आणि नात उलटी आपटली. दुसऱ्या दिवशी तिचा अंगठा सुजला. तिसऱ्या दिवशी चेंडू समोरून घरंगळत आला, की ती डोळे मिटून तोंड फिरवू लागली. चौथ्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि हे पोटात दुखणं कसलं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

"आमच्या वेळी असली नाटकं नव्हती!" आजोबा चिडले. "मीही एवढ्याच चेंडूने खेळलो. तुझ्यात धमकच नाही!"

नात चेंडूकडे पाठ करून बसली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, मला फुटबॉल आवडतच नाही. मी नाही खेळणार."

सामना चार दिवसांवर आला होता. "मी एवढ्याच चेंडूने खेळलो, हे खोटं वाटतं ना तुला? चल, दाखवतोच!" असं म्हणत ते तिला जुन्या मोहाच्या झाडाकडे घेऊन गेले. त्या झाडाच्या ढोलीत त्यांच्या आईने त्यांचा चेंडू जपून ठेवला होता. इतक्या वर्षांत तो बाहेर काढायची वेळच आली नव्हती. जड चेंडू पेलायचा म्हणून आजोबांनी पाय रोवले आणि दोन्ही हात आत घातले.

चेंडू एका पंजात मावला.

आजोबा त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांनी तो उलटा केला, पालटा केला. "आटला वाटतं," ते पुटपुटले.

"कापूस कसा आटेल, आजोबा?" नातीने चेंडू घेतला, खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. "बघा ना! हा माझ्या गुडघ्याला लागतो!"

तेव्हा आजोबांना इतक्या वर्षांत विसरलेली एक गोष्ट आठवली. चेंडू करायला सांगण्याआधी आई वेलीचा एक तुकडा घेऊन त्यांच्यासमोर बसली होती. तिने तो त्यांच्या पायाशी धरला होता आणि गुडघ्यापाशी दातांनी तोडला होता. गुदगुल्या झाल्या म्हणून ते हसत सुटले होते. आजोबा मटकन खाली बसले आणि लहान पिलासारखे रडले.

"चुकलो गं, पोरी," ते म्हणाले. "चेंडू मोठा नव्हताच. मी लहान होतो."

सुगरणीने जुन्या चेंडूच्या उसवलेल्या वेली नव्याने विणून दिल्या. आजोबांनी थोरला चेंडू ढोलीत ठेवला. नात वाढली की लागणारच होता तो.

सामन्याच्या दिवशी नातीने डोळे उघडे ठेवून लाथ मारली. चेंडू सुसाट सुटला आणि पल्याडच्या जांभळावर धाडकन आदळला. "आजोबा, जांभळापर्यंत गेला! केवढा लांब गेला!" ती ओरडत धावत आली.

आजोबांनी जांभळाकडे नीट पाहिलं. तेही जेमतेम वीस पावलांवर होतं. पण त्यांनी नातीला पोटाशी धरलं आणि म्हणाले, "हो गं बाई, फारच लांब गेला!"

तात्पर्य : मुलांना चेंडू द्यावा तो आपल्या आठवणीतला नव्हे, त्यांच्या आजच्या पायांना पेलणारा.