मोहरलेली भिंत

माणूस अजून गुहेत राहत होता, तेव्हाची गोष्ट. पुरात वारूळ वाहून गेलं आणि तांबड्या मुंग्यांचं सगळं गाव, राणी आणि अळ्यांसकट, एका आंब्यावर चढलं.

मुकादमीण खडकीअक्का म्हणाली, "पानं तोडा आणि एकावर एक रचा. घर कसं भक्कम पाहिजे!"

घरं झाली. पण चार दिवसांत पानं वाळली आणि वाऱ्याच्या एका झोतात अख्खी वस्ती खाली गेली. राणी कशीबशी वाचली.

तेव्हा लवंगी नावाची मुंगी म्हणाली, "पानं तोडायचीच कशाला? फांदीवरच राहू द्या. जवळ ओढून शिवून टाकू. आपल्या अळ्यांच्या तोंडातून धागा निघतोच की."

"जिवंत पान हलतं गं! हलत्या भिंतीत कुणी संसार करतं का?" खडकीअक्का कडाडली.

"मेलेल्या भिंतीनं काय केलं ते पाहिलं आपण," राणी म्हणाली. "शिवा."

मुंग्यांनी एकमेकींच्या कमरा धरून साखळ्या केल्या आणि पानांच्या कडा जुळवून धरल्या. बाकीच्यांनी अळ्या तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवल्या. टाके पडत गेले, हिरवं गाव उभं राहिलं.

मग वादळ आलं. फांदीबरोबर सगळं गाव झुलू लागलं.

"भिंत हलतेय!" खडकीअक्का किंचाळली.

"हलू दे की अक्का," लवंगी म्हणाली. "झाडानं धरलंय तिला."

एकही घर पडलं नाही.

थंडीत आंबा मोहरला. खडकीअक्काच्या दाराशीच एक तुरा फुटला. त्याखाली ऐटीत उभी राहून ती येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायची, "बघितलीस का आमची भिंत? मोहर आलाय तिला!"