लोहाराचा आखूड फटका

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, आणि त्या गावाला एका खेळाचं भारी वेड होतं. बाभळीच्या गाठीचा गोल चेंडू करायचा, टोकाशी वाकडी असलेली काठी घ्यायची आणि माळावर लांबलांब खणलेल्या वीतभर खड्ड्यांत तो चेंडू कमीत कमी फटक्यांत घालायचा. त्या खड्ड्याला ते 'गल' म्हणत. आजकाल लोक गोल्फ खेळतात ना, साधारण तसंच. फक्त इथलं गवत कुणी कापत नसे, आणि खेळून पोट भरणारा असाही कुणी नव्हता. कुणी मडकी घडवायचं, कुणी कपडे शिवायचं, कुणी काढे उकळायचं. कामं आटोपली की काठ्या खांद्यावर टाकून सगळी माळावर हजर.

सुगी संपली की वर्षातला मोठा सामना व्हायचा. तो मात्र माळावर नाही, वर डोंगरात, वाघजबड्यावर. वाघजबडा म्हणजे नऊ गलींची वाट. कुठे करवंदीच्या जाळ्या, कुठे घसरडा कातळ, कुठे डोक्याएवढाले धोंडे. आणि नवव्या गलीच्या अलीकडे आडवी पसरलेली खोल घळ. घळीत पडलेला चेंडू परत मिळत नसे, म्हणजे तुमचा सामना तिथंच संपला. या वाघजबड्यानं भल्याभल्यांना घाम फोडला होता. तरी वर्षभर सगळे त्याचीच वाट बघायचे!

त्या वर्षी गुरवबाबांनी नवी टूम काढली. ते सगळ्यांत वडीलधारे. खडे मोजून फटक्यांचा हिशोब तेच ठेवायचे.

"यंदा जोडीनं खेळायचं," ते म्हणाले. "जोडीला एकच चेंडू. एक फटका एकानं मारायचा, पुढचा दुसऱ्यानं. चेंडू पडेल तिथून. आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतील."

चिठ्ठ्या निघाल्या. रखमाजी लोहाराची चिठ्ठी उघडली आणि हशा पिकला. त्याच्या वाट्याला आला होता अंतोबा शिंपी.

रखमाजी म्हणजे गावातला सगळ्यांत दांडगा गडी. घणाचे घाव घालून त्याचे दंड खांबासारखे झाले होते. त्यानं काठी फिरवली की चेंडू दिसेनासा व्हायचा आणि पोरंटोरं टाळ्या पिटायची. अंतोबा अगदी काडी. त्याचा चेंडू फार तर चाळीस पावलं जायचा. दर वर्षी तो सगळ्यांत शेवटी यायचा आणि तरीही दर वर्षी यायचा.

"काळजी करू नकोस," रखमाजी त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "तू नुसता चेंडूला हात लाव. बाकीचं मी बघतो."

सामन्याच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत निम्मं गाव डोंगर चढून आलं. एकेक जोडी सुटली. सगळ्यांत शेवटी रखमाजी आणि अंतोबा, आणि त्यांच्याबरोबर खेळायला सगुणा कुंभारीण आणि वैद्यबुवा. या दोघांच्यात जोर बेताचाच. पण सगुणा हसतमुख, आणि वैद्यबुवा नाडी बघावी तशी आधी जमीन बघणारे.

पहिला फटका रखमाजीचा. त्यानं धोतर खोचलं, श्वास घेतला आणि काठी अशी फिरवली की हवा फाटल्याचा आवाज झाला! चेंडू उडाला, चांगला शंभर पावलं लांब गेला. "वाहवा रे लोहारा!" गर्दी ओरडली. चेंडू पडला तो थेट करवंदीच्या जाळीत.

पुढची पाळी अंतोबाची. तो बिचारा जाळीत शिरला. काटे लागून हात ओरबाडले, पागोटं अडकलं. कशीबशी काठी फिरवली, चेंडू दोन पावलं सरकला. रखमाजीनं कपाळाला हात लावला. त्यानं परत एक जबरदस्त तडाखा दिला. चेंडू ओढ्यातल्या दगडांत. परत पाळी अंतोबाची.

तीन गली अशाच गेल्या. सगुणा आणि वैद्यबुवांचे फटके छोटे, पण सरळ. गुरवबाबांनी खडे मोजले आणि सांगितलं, "लोहाराची जोडी पाच फटक्यांनी मागे."

तिथं झऱ्याकाठी सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. ठेचा-भाकरी खाता खाता लोक बोलत होते, "लोहाराचं नशीबच फुटकं. गळ्यात लोढणं बांधलंय." अंतोबाच्या हातातला घास हातातच राहिला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "माझ्यामुळं तुमचा खेळ बुडाला. पुढच्या वर्षी मी नाही यायचा."

रखमाजी आधीच वैतागलेला. "अरे, पण तुला साधा चेंडू कसा मारता येत नाही? माळावर तर बरा मारतोस!"

अंतोबानं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "माळावर मी मोकळ्या गवतावरून मारतो, दादा. आज सकाळपासून मला एकदाही गवत भेटलेलं नाही."

रखमाजीला राग आला. म्हणजे चूक माझी? शंभर पावलं चेंडू उडवणाऱ्याची? तो तरातरा उठला आणि चौथ्या गलीकडे त्यानं आणखीच जोरात फटका हाणला. चेंडू उंच गेला, लांब गेला आणि एका धोंड्याच्या कुशीत जाऊन रुतला.

अंतोबानं दोनदा काठी लावून पाहिली. धोंडा मध्ये येत होता. "थांब, दाखवतो तुला," म्हणत रखमाजी तिथं उभा राहायला गेला. डावा पाय टेकायला जागा नाही. काठी मागे न्यावी तर कोपर दगडावर आपटतंय. पुढे न्यावी तर चेंडूच दिसत नाही. त्यानं इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग तो गुपचूप बाजूला झाला.

इथून तर आपल्यालाही जमलं नसतं, हे त्याला कळून चुकलं. सकाळपासून तो फटके मोजत होता, पावलं मोजत होता. पण आपला चेंडू कुठे पडतोय आणि तिथं पुढे कुणाला उभं राहायचंय, हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

चौथी गल संपली तेव्हा ते सात फटक्यांनी मागे होते.

पाचव्या गलीपाशी रखमाजीनं काठी खाली टेकवली आणि विचारलं, "अंतोबा, तुला कुठून मारायला आवडेल?"

अंतोबाला वाटलं, दादा थट्टा करताहेत. पण रखमाजीचा चेहरा तसा नव्हता. मग त्यानं बोट दाखवलं. "ती पिवळ्या गवताची पट्टी दिसतेय? गलीपासून तीसेक पावलं असेल. तिथून मारायला मिळालं तर..."

"तर काय?"

"तर मी सोडत नाही, दादा!"

रखमाजीनं काठी फिरवली, पण अर्धीच. दांडग्या माणसाला हळू मारणं किती जड जातं, ते त्या दिवशी त्याला समजलं. चेंडू टुणटुण उड्या मारत गेला आणि पिवळ्या गवतावर थांबला. "लोहार दमला रे दमला!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

अंतोबा पट्टीवर गेला. सुईत दोरा ओवताना बारीक करतो तसा त्यानं एक डोळा बारीक केला. टक्! चेंडू सरळ रेषेत निघाला, गवतातून, वाळूतून, एका खड्याला वळसा घालून, आणि टपकन गलीत!

मग अशी आरोळी उठली की झाडावरची पाखरं उडाली. सगुणा स्वतः टाळ्या वाजवायला लागली. "अंतोभाऊ, इतकी वर्षं हा हात कुठं लपवला होतात?"

त्यानंतर वाघजबड्यावर वेगळाच खेळ सुरू झाला. रखमाजी दर फटक्याआधी विचारायचा, "इथं टाकू की तिथं?" अंतोबा सांगायचा, "थोडा उजवीकडे, दादा. चढ समोर आला की मला बरं पडतं." जिथं जोर लागेल तिथं रखमाजी होता, जिथं नेम लागेल तिथं अंतोबा. पाचव्या गलीत दोन फटके भरून निघाले, सहाव्यात एक, सातव्यात दोन, आठव्यात एक. आता फरक उरला अवघ्या एका फटक्याचा! आधी खेळून मोकळ्या झालेल्या जोड्याही धावत परत आल्या आणि घळीच्या काठानं दाटीवाटीनं उभ्या राहिल्या.

नववी गल. समोर वाघजबड्याची घळ, तिच्यापलीकडे सपाटीवर गल. सगुणा आणि वैद्यबुवा आधी खेळले. डावीकडून, घळ अरुंद होते तिथून सावकाश पार झाले आणि सहा फटक्यांत त्यांनी चेंडू गलीत घातला.

गुरवबाबांनी खडे मोजले. "बाकीच्या जोड्या केव्हाच मागे पडल्यात. लोहार-शिंप्याची जोडी पाच फटक्यांत आली तर बरोबरी. चार फटक्यांत आली तर जिंकली."

पाळी रखमाजीची होती. समोरून सरळ मारायचं तर घळ नव्वद पावलं रुंद. आजवर ती सरळ ओलांडणारा गावात एकच माणूस होता, रखमाजी. "उडव! उडव!" गर्दीनं ताल धरला. त्याच्या दंडांत रक्त सळसळलं. एकच तडाखा, आणि वर्षभर गाव त्याचंच नाव घेत राहील! पण पलीकडच्या काठावर सगळे धोंडे आणि निवडुंग होते. दुसरी वाट डावीकडची. तिथं घळ पस्तीस-छत्तीस पावलं होती. पण त्या वाटेनं गेलं तर घळ ओलांडायचा फटका येणार अंतोबाच्या वाट्याला.

अंतोबा घळीकडे बघत मागे सरकला. "दादा, मी आजवर ही घळ कधीच ओलांडलेली नाही. दर वर्षी माझा चेंडू हिच्यातच जातो. तुम्हीच उडवा. पडला निवडुंगात तर पडू दे, मी बघेन काय ते."

रखमाजीनं पलीकडे बघितलं. मग अंतोबाकडे बघितलं.

"पलीकडे तुला उभं राहायला जागा नाही, अंतोबा," तो म्हणाला आणि वळून त्यानं डावीकडे आखूड फटका मारला.

"अरेरे!" गर्दी हळहळली. चेंडू घरंगळत गेला आणि अरुंद काठाच्या अलीकडे, मऊ गवतावर थांबला.

अंतोबा चेंडूजवळ गेला. खाली काळोखी घळ, वर घिरट्या घालणारी घार. रखमाजी त्याच्या मागे उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "कापड मापतोस तसं माप. किती आहे?"

अंतोबानं नजर टाकली. "छत्तीस पावलं."

"आणि तू किती मारतोस?"

"चाळीस."

"मग चार पावलं शिल्लक आहेत की! मार."

अंतोबानं काठी उचलली. टक्! चेंडू घळीवरून निघाला, वर चढला, मग खाली यायला लागला. खाली, आणखी खाली. पलीकडच्या काठावर ठप्पकन आपटला आणि मागे घरंगळला! बायकांनी तोंडावर हात घेतले. अगदी कड्याच्या टोकाला गवताचा एक झुबका होता, त्याला टेकून तो थांबला.

"गेला पलीकडे! अंतोबाचा चेंडू पलीकडे गेला!" लोक नाचायला लागले. अंतोबाला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. "दादा, फारच वाईट जागी टाकला."

रखमाजी खो खो हसला. "अरे, सकाळपासून मी तुला दिलेल्या जागा आठव जरा! त्यापुढं ही गादी आहे, गादी!"

वळसा घालून ते पलीकडे गेले. रखमाजीनं एक पाय दगडावर रोवला, दुसरा कड्याच्या टोकाशी. अंतोबानं मागून त्याचा कमरपट्टा घट्ट धरला. इथं मात्र जोरच हवा होता. रखमाजीनं मनगटं आवळली आणि चेंडू गवतासकट उखडून काढला. तो सपाटीवर गेला आणि गलीच्या खालच्या अंगाला थांबला. पाच पावलांवर, पुढे हलका चढ. अंतोबाला आवडतो तसा.

तीन फटके झाले होते. चौथा अंतोबाचा.

या वेळी त्यानं स्वतःच नजरेनं माप घेतलं आणि काठी लावली. चेंडू निघाला, चढ चढला, गलीच्या ओठावर क्षणभर रेंगाळला. गुरवबाबांच्या मुठीतले खडे खाली सांडले. आणि चेंडू आत!

मग काय विचारता! रखमाजीनं अंतोबाला उचलून खांद्यावर घेतलं. वैद्यबुवा आपलं वय विसरून उड्या मारत होते. सगुणा हरली होती, तरी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती. डोंगर उतरेपर्यंत ढोल थांबले नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या टाकायची वेळ आली तेव्हा आधीच गलका झाला. ज्याला त्याला एकच जोडीदार हवा होता, रखमाजी लोहार. गुरवबाबांनी विचारलं, "का रे, त्याचा फटका लांब जातो म्हणून?"

"लांब जातो म्हणून नव्हे, बाबा," सगुणा म्हणाली. "तो चेंडू टाकतो तिथून पुढच्याला मारता येतं, म्हणून."

अंतोबाच्या नावाची चिठ्ठी टोपलीत सगळ्यांत आधी पडली होती. ती त्यानं स्वतःच्या हातानं टाकली होती.

तात्पर्य असं, मुलांनो: आपण किती लांब मारलं, एवढ्यावर जोडीचं काम ठरत नाही. आपल्यामागून येणाऱ्याला पाय रोवून उभं राहायला जागा ठेवली का, यावर ठरतं.